भाऊ सापडल्याचे दिवस

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नवी वही काढली. वर्तुळाबद्दल पहिल्याच पानावर लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे ही कुणाच्या हाती पडली तर हे काम कुणी उभं केलं ते कळेल.

एकोणीस वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ दारूपायी घर सोडून गेला, त्याच वर्षी मी पाळकांच्या मागे लागून वर्तुळ सुरू केलं. दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत बायका गोल खुर्च्या मांडून बसतात. जिच्या घरचं माणूस देवापासून दूर गेलंय, ती त्याच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करते. सुरुवात माझी आणि शेवटही माझा. नियम मीच घातले. जिचं माणूस परत आलं, तिनं एकदा उभं राहून आभार मानायचे आणि वर्तुळातून उठायचं, कारण खुर्च्या मोजक्या आहेत. फोटोवाला घरी परत आला तरी त्याची बायको हलेना, तेव्हा हा नियम करावा लागला.

आज सोळा जणी होत्या. मी धाकट्याचं नाव घेतलं तेव्हा नव्यानं येऊ लागलेली नर्स रडली. नंतर माझा हात धरून म्हणाली, "एकोणीस वर्षं! मावशी, तुमचा विश्वास केवढा हो!" मी म्हटलं, माझं कसलं, सगळी प्रभूची कृपा. पण बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

शिंपीणबाईनं आज प्रार्थना इतकी लांबवली की चहा निवला. तिची मुलगी पळून गेल्याला अकराच वर्षं झालीत, आव मात्र असा की हरवण्याचा मक्ता हिच्याच घराण्याकडे आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कारखान्यात आज बुटांच्या खोक्यांची मोठी मागणी. पुठ्ठा कापून येतो, आम्ही घड्या घालतो, गोंद लावतो आणि तळाशी आपापला नंबर मारतो. खोकं उसवलं तर कुणाच्या हातचं ते लगेच कळतं. माझा नंबर चौदा. सव्वीस वर्षांत चौदा नंबरचं एकही खोकं परत आलेलं नाही. शेजारची पोरगी गोंद असा लावते की जणू भाकरीवर तूप. मी तिला बोलले, ती रडली. रडण्यानं घडी सरळ होत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

धाकटा आला.

दुसरं गीत चालू असताना मागे दार वाजलं. मी कधी मान वळवत नाही, उशिरा येणाऱ्यांना तेवढाही मान मिळायला नको. पण शिंपीणबाईनं मला कोपरानं ढोसलं. शेवटच्या बाकावर एक म्हातारा टोपी मांडीवर घेऊन बसला होता. डोक्यावरचे केस गेलेले. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि दिसत होता माझ्या काकासारखा. कान मात्र आमच्या वडिलांचे.

उपासना संपल्यावर तो पुढे आला आणि "ताई" म्हणाला.  सगळी मंडळी बघत होती. मी त्याला मिठी मारली, ते करायलाच हवं होतं. तोंडाला वास येतो का तेही पाहिलं. साबणाचा येत होता.

पाळक तर रडलेच. म्हणाले, "स्वर्गात आज आनंद आहे, ताई. एकोणीस वर्षं तुम्ही ज्याच्यासाठी गुडघे टेकलेत, तो हा उभा आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले. गाल दुखेपर्यंत हसले.

घरी चहा करून दिला. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला होता.

"सहा वर्षं झाली, ताई. एक थेंब नाही."

"सहा?"

"एका माणसानं रस्त्यावरून उचलून नेलं. त्यांच्याकडे नळाचं काम शिकलो. प्रभूकडेही त्यांनीच परत वळवलं."

"मग सहा वर्षं कळवलं का नाहीस?"

"लाज वाटायची गं."

म्हणजे सहा वर्षं मी दर शुक्रवारी घसा कोरडा करत होते आणि हा तिकडे धडधाकट बसून नळ बसवत होता! माणसानं एक ओळ तरी टाकावी. देवालाही हे माहीत होतं आणि तोही गप्प राहिला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

वर्तुळात गेले. म्हटलं, परत येणं वेगळं आणि पश्चात्ताप होणं वेगळं. तो खरा बदललाय हे कळेपर्यंत मी माझ्या जागी बसून प्रार्थना चालू ठेवते.

शिंपीणबाई गोड आवाजात म्हणाली, "तसं कसं, बाई? नियम तुमचाच ना?"

 पाळकीणबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. मग मी उभी राहिले, आभार मानले आणि खुर्ची सोडली. मागच्या बाकावर बसून सगळं ऐकलं. शेवटची प्रार्थना शिंपीणबाईनं केली. मी कप विसळून घरी आले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

धाकट्याला चर्चमागची राखणदाराची खोली दिली आहे. झाडलोट, दिवे, नळ हे सगळं त्यानं बघायचं. २ नोव्हेंबरपर्यंत मंडळीचे पंच त्याचं वागणं पाहणार. नीट राहिला तर त्या रविवारी तो मंडळीसमोर साक्ष देईल, प्रभुभोजनाची भाकर त्याला पुन्हा मिळेल आणि खोली कायमची त्याची होईल. डॉक्टरांनी त्याची छाती तपासून पाळकांना सांगितलंय, याला डोक्यावर छप्पर हवं, अजून एक थंडी उघड्यावर काढली तर हा वाचायचा नाही.

"तुमच्याकडेच राहिला असता तर?" पाळकांनी भीत भीत विचारलं.

माझ्या दीड खोलीत कुठे ठेवू? आईची अर्धी खोली आहे, पण तिथे माझी कारखान्यातली खोकी आहेत. शिवाय त्याच्या सवयी मला ठाऊक आहेत. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं म्हणून सरळ होत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुपारी तो जेवायला आला. जेवून ताट स्वतः धुतलं, मग ओले हात तसेच धरून उभा राहिला.

"ताई, शेवटी आईनं माझी आठवण काढली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

तीन दिवस ती त्याच्याच नावानं हाका मारत होती. मी उशाशी बसले होते, पाणी मी पाजत होते, आणि ती दाराकडे बघून त्याला हाक मारत होती. शेवटच्या संध्याकाळी मला म्हणाली, "बाई, जरा बाजूला हो, दार दिसत नाही." मला बाई म्हणाली, जशी काही मी दवाखान्यातली कुणी.

हे त्याला कशाला सांगायचं? उगाच डोक्यावर बसेल. तो म्हणाला, "बरोबर आहे तिचं," आणि हात पुसले. मग मला विचारून मोरीतला नळ दुरुस्त केला. अकरा महिने गळत होता.

१९ ऑक्टोबर, रविवार

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे महिना होत आला. चर्चच्या स्वयंपाकघरातला नळ, पाळकांच्या घरची टाकी, नर्सच्या आईचं स्नानघर, सगळं त्यानं ठीक केलं. मुलं त्याला नळवाले मामा म्हणतात. शिंपीणबाईनं त्याला कोट शिवून दिला! मापं घेताना विचारत होती म्हणे, तुम्हाला परत यावंसं कशानं वाटलं, माझ्या मुलीलाही वाटेल का? तो म्हणाला, "वाटेल. फक्त ती आली की कुठे होतीस म्हणून विचारू नका."

मोठा आला उपदेश करणारा.

आज नर्स शिंपीणबाईचा हात धरून उभी होती. "अकरा वर्षं! काकू, तुमचा विश्वास केवढा हो!" मी शेजारूनच गेले. मला वाटतं तिनं मला पाहिलं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे ऐकलं ते लिहायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल.

वर्तुळ चालू होतं. मागच्या बाकावर बसून कंटाळा आला म्हणून धाकट्याला डबा द्यायला त्याच्या खोलीकडे गेले. दार अर्धं उघडं होतं. तो खाटेपाशी गुडघे टेकून बसला होता आणि बोलत होता, शेजारी कुणी बसलेलं असावं तसं. "प्रभू, ताईला घरी आण. ती फार लांब गेली आहे आणि तिला ते माहीत नाही. माझ्यासाठी तू जेवढा चाललास तेवढाच तिच्यासाठी चाल."

मी! मी लांब गेले आहे! बेचाळीस वर्षांत एक रविवार चुकवला नाही. लग्न केलं नाही, आईची घाण काढली, मंडळीतल्या निम्म्या बायकांना प्रार्थना करायला शिकवलं. आणि गटारात लोळून आलेला हा मला हरवलेली म्हणतो! चोराच्या उलट्या बोंबा! असं किती वेळा म्हणाला असेल? देवापुढे माझं नाव घेऊन रडतो म्हणजे काय!

डबा परत आणला. भाजी फेकून दिली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

बायबलातल्या ईयोबाचीही परीक्षा झाली होती. सोनं आगीत घातल्याशिवाय खरं की खोटं ते कळत नाही. मंडळीला उद्या पस्तावायला लागू नये म्हणून हे आधीच कळलेलं बरं.

कारखान्यातून लवकर निघाले. पलीकडच्या वस्तीत गेले, तिथे मला कुणी ओळखत नाही. तरी डोक्यावरून रुमाल घेतला होता. दुकानदार म्हणाला, "काय मावशी, पाहुणे का?" मी हो म्हटलं. कोणती हवी विचारलं तर मला नाव सांगता येईना. धाकटा पूर्वी कोणती प्यायचा ते आठवून लेबलाचा रंग सांगितला. रंग लगेच आठवला.

हातात बाटली दिसू नये म्हणून घरातल्या एका खोक्यात घातली. तो पाळकांकडे टाकी बघायला गेला होता. त्याच्या हत्यारांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात पान्ह्यांच्या मागे ठेवून आले.  

खरा असेल तर तो ती पाळकांकडे नेऊन देईल. मग मी सगळ्यांसमोर कबूल करेन की होय, बदललाय. मी काही त्याचं वाईट चिंतत नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस झाले, तो काही बोलला नाही. पाळकांनाही काही माहीत नाही. मी सहज विचारून आले. खालचा कप्पा त्यानं उघडलाच नसेल, किंवा उघडून गप्प बसला असेल. गप्प बसणं म्हणजेच काय ते.

परवा पंच बसणार आहेत. अजून एक दिवस आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

वर्तुळाआधी शिंपीणबाईला म्हटलं, माझी खुर्ची डुगडुगते आहे. माझी म्हणजे आता तिचीच. धाकट्याच्या कपाटातून खालचा मोठा पान्हा आणून तेवढी घट्ट करा.

ती गेली. परत आली तेव्हा हातात खोकं होतं आणि तोंड पांढरं पडलेलं. टेबलावर ठेवून तिनं झाकण काढलं. सोळा बायका उठून बघायला आल्या. कुणीतरी पाळकांना बोलावलं, ते धाकट्याला घेऊन आले. मागोमाग पंचांपैकी एक, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, तेही आले.

धाकटा बाटलीकडे बघत राहिला. मग त्यानं खोकं उचललं, बाटली बाहेर काढून ठेवली आणि रिकामं खोकं उलटं केलं. क्षणभर तळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं आता ओरडेल.

"माझीच आहे," तो म्हणाला.

पाळक म्हणाले, "नीट सांग. हिचं तर सीलही मोडलेलं नाही. कुणी दिली तुला?"

"कुणी नाही. माझीच आहे, साहेब."

"चर्चच्या आवारात!" मुख्याध्यापक म्हणाले. "प्रभुभोजनाला दोन दिवस असताना!"

धाकट्यानं खोक्याच्या घड्या उलगडल्या, पुठ्ठा सपाट केला, चार वेळा दुमडला आणि कोटाच्या आत ठेवला. दारूड्यांची वागायची तऱ्हाच निराळी. शिंपीणबाई हुंदके देऊन रडत होती, कोट तिनंच शिवलेला. मीही रडले. मला सगळ्यांनी धरून बसवलं. नर्सनं पाणी दिलं.

त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. मी एक शब्दही बोललेले नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

२ नोव्हेंबर, रविवार

पंचांनी खोली काढून घेतली. पाळक एकटेच त्याच्या बाजूनं बोलले म्हणे, पण कबुलीपुढे काय बोलणार? मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही बहीण आहात. तुमचं काय म्हणणं?" मी म्हटलं, मंडळीच्या भल्यापुढे रक्ताचं नातं आणू नये. त्यांनी माझं कौतुक केलं.

तो उपासनेआधीच निघाला. फाटकापाशी मला गाठलं. हातात एक पिशवी, डोक्याला टोपी. खोकत होता.

"कुठे जाणार?" मी विचारलं.

"बघतो."

"थंडी पडायला लागली आहे."

"हो ना." मग म्हणाला, "ताई, तू आत जा. उशीर होईल तुला."

माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो धाकटा, मी मोठी! असा कधी हात ठेवतात का? आत गेले. प्रभुभोजनाची भाकर माझ्या घशाखाली उतरेना, पाणी प्यावं लागलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून असेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

कारखान्यात तीनशे खोकी झाली. शिक्का मारता मारता हात थांबला. चौदा. चौदा. चौदा.

त्यानं ते पाहिलं होतं.

मग बोलला का नाही? सोळा बायका होत्या, पाळक होते, मुख्याध्यापक होते. खोकं उलटं करून नुसतं पुढे धरायचं होतं. बोलला असता तर खोली त्याचीच राहिली असती आणि मी कुठेच तोंड दाखवू शकले नसते. मला कायमचं दाबून ठेवायला गप्प बसला असणार. मोठेपणा! उपकाराचं ओझं टाकून गेला आणि मला परत करायलाही जागा ठेवली नाही. मी त्याला मागितलं होतं का हे?

शेजारच्या पोरीनं विचारलं, "मावशी, बरं नाही का?" मी तिला म्हटलं, तू तुझा गोंद बघ.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वर्तुळात परत घेतलं. शिंपीणबाईनं स्वतः खुर्ची सरकवून दिली. मला हाताला धरून म्हणाली, "परत हरवणं म्हणजे मरणाहून वाईट हो." मी धाकट्यासाठी प्रार्थना केली. आवाज चांगला लागला. एकूण एक रडल्या. सापडलेला पुन्हा हरवला म्हटल्यावर दुःखाला वेगळंच वजन येतं, हे मला माहीत नव्हतं.

"हे प्रभू, तो कुठे आहे ते तुलाच ठाऊक," एवढं म्हणताना मात्र पुढचं वाक्य आठवेना. पाळकीणबाईंनी आमेन म्हटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पाळक घरी आले. चहाला हात न लावता म्हणाले,

"ताई, मी रोज सकाळी स्टेशन आणि दवाखाने फिरून येतो. सापडत नाही. तुम्हाला काही कळलं तर मला लगेच सांगा. मी स्वतः जाऊन आणेन, पंच काय म्हणायचं ते म्हणोत."

"प्यायला बसला असेल कुठेतरी."

"त्याला वास येत नव्हता त्या दिवशी." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं आहे का? केव्हाही या. देव पाठ फिरवत नाही हो कुणाकडे. आपणच फिरवतो आणि मग म्हणतो तो दिसत नाही."

मी म्हटलं, हे धाकट्याला सांगा सापडला की. कप उचलून आत नेले. ते उठून गेले तरी मी मोरीपाशीच उभी होते.

९ डिसेंबर, मंगळवार

पत्र आलं. त्याचं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे, मोठं आणि उजवीकडे कलतं.

एका वृद्धाश्रमात नळ आणि दिवे बघतो. खोली दिली आहे, छाती बरी आहे. पुढचं जसंच्या तसं उतरवून ठेवते. "ताई, दाराला आतून कडी आहे पण मी लावत नाही. तू आलीस आणि मी झोपलेला असलो तर दार वाजवत थंडीत उभी राहू नकोस, सरळ आत ये. चहाचं सामान खिडकीत ठेवलंय. त्या दिवसाचं मनाला लावून घेऊ नकोस. माझं तर प्रभूनं कितीतरी पोटात घातलंय, त्यापुढे हे काय? तुला यावंसं वाटेल तेव्हा ये. उशीर झाला असं कधीच समजू नकोस." वर घर नंबर, गल्ली, गाव, सगळं नीट लिहिलेलं.

कडी न लावता झोपतो म्हणे. बावळट. एखाद्या दिवशी चोर येऊन खाट घेऊन जातील.

पाळकांना हे दाखवलं तर ते पहिल्या गाडीनं त्याला आणायला जातील. मग पुन्हा ते रडणं, टाळ्या, आणि मी मागच्या बाकावर. शिवाय चौकशी सुरू झाली की एकातून एक निघत जाणार. शुक्रवारी कुणी विचारलं तर म्हणेन, अजून काहीच कळलेलं नाही.

पत्र शेगडीवर धरलं. कागद पातळ होता, लगेच पेटला. राख मोरीत टाकून वर पाणी सोडलं.

भांडी घासायला बसले तेव्हा लक्षात आलं की पत्ता पाठ झालाय. घर नंबरासकट. दुसरं काहीतरी म्हणून घालवावा म्हणून मोठ्यानं स्तोत्र म्हणायला लागले, अर्ध्यावर पुन्हा तोच तोंडात आला. मग गीत म्हटलं, मग आमच्या सोळा जणींची नावं म्हटली, मग नुसते आकडे. चार तास झाले. जात नाही मेला.